पपीचं गणगोत

नववीत आम्हाला इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंचा व्याकरणाच्या पुस्तकातल्या एका तक्त्यावर फार राग. डावीकडे प्राणी, उजवीकडे त्याचं पिल्लू. डॉग–पपी, कॅट–किटन, काऊ–काफ, लायन–कब. परीक्षेत त्यावर प्रश्न ठरलेला, म्हणून बाई तो तक्ता एकदा मोठ्याने वाचून घेत आणि म्हणत, "हे झालं मार्कांचं. आता इंग्रजीकडे वळू या."

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायचं आहे. मैदान, स्नेहसंमेलन आणि सहल यांवर बाकीचे लिहितीलच. मी पुढे भाषांतराच्या धंद्यात पडलो. प्राण्यांवरच्या माहितीपटांच्या मराठी संहिता लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्या कामाची सगळी पुंजी बाईंनी एका 'पपी' या शब्दावर घेतलेल्या तासांत जमा झाली, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही. तेव्हा इथे त्या शब्दाबद्दलच लिहितो.

बाईंनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं होतं. मादी सील आपल्या पिल्लाला बर्फावर सोडून पाण्यात गेली, अशा अर्थाचं. त्यात पिल्लासाठी शब्द होता 'पप'. मागच्या बाकावरून प्रश्न आला, सील माशाला कुत्र्याचं पिल्लू कसं होईल? "सील मासा नाही, हे आधी लिहून घ्या," बाई म्हणाल्या, आणि मग फळा भरत गेला. सीलचं पिल्लू पप. वटवाघळाचं पप. उंदराचं पप. पाणमांजराचं पप. शार्क तर खराखुरा मासा, त्याचंही पपच. पपी म्हटलं की कुत्राच डोळ्यांपुढे येतो, पण तोच शब्द आखडून पप झाला की जमीन, पाणी, आभाळ सगळीकडे फिरतो. तक्त्यात यातलं काहीच नव्हतं.

सीलच्या घरातली गंमत बाईंनी खास राखून ठेवली होती. इंग्रजीत नर सीलला बुल म्हणतात, मादीला काऊ. म्हणजे बाप बैल, आई गाय आणि लेकरू कुत्र्याचं! शिवाय ही मंडळी वीण घालायला जिथे जमतात त्या जागेला म्हणतात रूकरी, आणि रूक हा कावळ्याच्या जातीतला पक्षी. वर्ग हसला. बाईंनी हसू दिलं. मग त्यांनी सांगितलं की जर्मन आणि डच भाषांत सीलला चक्क 'समुद्री कुत्रा' अशा अर्थाचा शब्द आहे. ते गोल डोकं, त्या मिशा आणि ते भुंकणं पाहिल्यावर त्यात नवल नाही. नावं देणारे लोक वर्गीकरणशास्त्र शिकून समुद्रावर गेलेले नव्हते. घरी जी जनावरं पाहिली, त्यांचीच नावं सोबत घेऊन गेले. म्हणून देवमासा, डॉल्फिन, हत्ती, जिराफ, गेंडा अशा थोराड जनावरांची पिल्लं काफ झाली, म्हणजे आपल्या भाषेत वासरं. लांडग्याच्या पिल्लाला तर दोन्ही चालतं. गोष्टींत कब, अभ्यासकांच्या लिखाणात बहुधा पप. बेडन-पॉवेल यांनी 1916 साली लहान मुलांसाठी पथक काढलं तेव्हा त्यांना वुल्फ कब म्हटलं, आणि स्काउटमधला कब तिथून आला.

पुढचा तास शब्दाच्या जन्मावर गेला. तो मला अजून जवळजवळ पाठ आहे.

पपी हा शब्द कुत्र्याच्या पिल्लासाठी जन्मलाच नव्हता. त्याआधी कित्येक शतकं इंग्रजीत त्यासाठी व्हेल्प हा शब्द होता. आज तो मागे पडला आहे, पण कुत्री विते त्या क्रियेला श्वानपालक अजून व्हेल्पिंगच म्हणतात. पपी आला पंधराव्या शतकाच्या अखेरीस, आणि तो बहुधा फ्रेंचमधल्या 'पूपे' या शब्दावरून आला असं कोशकार मानतात. पूपे म्हणजे बाहुली. श्रीमंत बायका मांडीवर घेऊन बसत ती खेळण्यासारखी इवलीशी कुत्री, ती पपी. वयाचा संबंध नाही. दहा वर्षांचं असलं तरी ते पपीच. 1486 साली छापलेल्या शिकारीवरच्या एका इंग्रजी पुस्तकात कुत्र्यांच्या जातींची यादी आहे. तिच्यात या बायकांच्या कुत्र्यांचा उपयोगही दिला आहे: मालकिणीच्या अंगावरच्या पिसवा स्वतःवर ओढून घेणं. पुढे खेळण्यातल्या कुत्र्यावरून शब्द कुठल्याही कुत्र्याच्या पिल्लाकडे सरकला आणि तिथेच स्थिरावला.

फ्रेंच पूपेच्या मागे लॅटिनमधला पूपा. त्याचा अर्थ मुलगी, आणि बाहुलीही. रोममध्ये 1889 साली पायाचं खोदकाम चालू असताना एका तरुण मुलीची दगडी शवपेटी सापडली. तिच्यात एक हस्तिदंती बाहुली होती, हातपाय सांध्यांत हलणारी. रोमन मुली लग्नाआधी आपल्या बाहुल्या देवीला वाहून टाकत. हिची बाहुली तिच्याजवळच राहिली. तर ती बाहुली म्हणजे पूपा. तिच्या गोतावळ्यातली मंडळी इंग्रजीत ठिकठिकाणी जाऊन बसली आहेत. दोरीवर नाचते ती पपेट. लाडक्या पोरीला हाक मारायची ती पॉपेट. मोटारीच्या इंजिनात हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी झडप असते, तिला पॉपेट व्हॉल्व्ह म्हणतात. तोही याच घरातला. अळीचं फुलपाखरू होण्याआधी ती कोशात जाते, त्या अवस्थेला लिनियसने अठराव्या शतकात पूपा हे लॅटिन नाव दिलं. दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं तान्हं मूल आठवा, म्हणजे का ते कळेल. जीवशास्त्राच्या तासाला आम्ही ते 'प्यूपा' असं घोकत होतो आणि सरांना कधी विचारलंही नव्हतं.

आणि आता प्यूपिल. तुम्ही-आम्ही सगळे ज्याचे माजी आहोत तो.

इंग्रजीत प्यूपिल दोन. एक विद्यार्थी, दुसरा डोळ्याच्या मधोमधचा काळा ठिपका. तक्तेवाल्या व्याकरणात हे 'एक शब्द, दोन अर्थ' या मथळ्याखाली येतं आणि संपतं. बाईंनी आम्हाला एकमेकांच्या डोळ्यांत बघायला लावलं. शेजारच्याच्या डोळ्यात आपलं चिमुकलं प्रतिबिंब दिसतं. माणूस बाहुलीएवढा होऊन आत उभा असतो. म्हणून लॅटिनमध्ये त्या ठिपक्याला पूपिल्ला म्हणाले, म्हणजे छोटी बाहुली. ग्रीकमध्ये त्याला कोरे म्हणत, म्हणजे मुलगी. संस्कृतात कनीनिका, तिच्या मुळाशीही लहान मुलगीच. आणि मराठीत? "डोळ्याची बाहुली!" अर्धा वर्ग एकदम ओरडला. आजवर तो शब्द आम्ही शेकडो वेळा वापरला होता आणि त्यात खरीखुरी बाहुली बसली आहे हे कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

दुसरा प्यूपिल, म्हणजे विद्यार्थी, हा पूपसवरून आला. पूपस म्हणजे मुलगा. रोमन कायद्यात पूपिल्लस म्हणजे बाप वारलेलं अल्पवयीन मूल, आणि त्याचा सांभाळ करायला नेमलेला पालक म्हणजे ट्यूटर. ट्यूटर आणि प्यूपिल ही जोडी कोर्टकचेरीतून इंग्रजीत आली आणि हळूहळू वर्गात जाऊन बसली. सोळाव्या शतकात प्यूपिल विद्यार्थी झाला. पण स्कॉटलंडच्या कायद्यात तो मूळ अर्थ धरून राहिला. तिथे बारा वर्षांखालची मुलगी आणि चौदा वर्षांखालचा मुलगा कायद्याने प्यूपिल असत, आणि हा नियम थेट 1991 पर्यंत टिकला. थोडक्यात, वर्गातल्या हजेरीपटावरची सगळी नावं आणि टोपलीत केकाटणारी कुत्र्याची पिल्लं हे एकाच पणजीचे वंशज. बाईंनी हे जाहीर केल्यावर मधल्या सुट्टीत आम्ही एकमेकांवर किती भुंकलो ते विचारू नका.

वाक्प्रचारांवर बाई फार रेंगाळल्या नाहीत, मीही रेंगाळत नाही. पपी लव्ह म्हणजे कोवळ्या वयातलं, टिकेलच असं नसलेलं प्रेम. त्याच अर्थाने काफ लव्ह असाही शब्द होता. एकोणिसाव्या शतकात दोघे शेजारी नांदत होते, पुढे वासरू हरलं आणि कुत्र्याचं पिल्लू जिंकलं. पपी फॅट म्हणजे वाढत्या वयातला गुबगुबीतपणा. हा ब्रिटिशांचा, अमेरिकन लोक त्याला बेबी फॅट म्हणतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून पपी ही शिवीही होती. दीडशहाण्या, उर्मट तरुणाला उद्देशून ती दिली जाई. जुन्या इंग्रजी गोष्टींत एखादा म्हातारा सरदार कुणा जवानाला पपी म्हणतो, तेव्हा तो लाड करत नसतो. एखाद्याला 'पप विकणं' म्हणजे त्याच्या गळ्यात फसवा माल मारणं. यावर आमच्यातल्या एकाने विचारलं, मग 'पिल्लू सोडणे' याला इंग्रजीत काय? बाई हसल्या आणि म्हणाल्या, "ते तू सोडतोसच, इंग्रजी कशाला हवं?"

लिटर हा शब्दही त्याच ओघात आला होता. दुधाचा लिटर नव्हे. एका वेताची सगळी पिल्लं मिळून तो लिटर. मुळात लॅटिनमधला लेक्टस, म्हणजे बिछाना. त्यातून माणसं वाहून न्यायची पालखी, मग जनावरांखाली अंथरायचा पेंढा, मग त्या पेंढ्यावर एकत्र जन्मलेली पिल्लं, आणि शेवटी इकडेतिकडे पसरलेला पेंढा, म्हणजेच कचरा. कचरा टाकू नका अशा पाटीवर आणि मांजरीच्या वेताला एकच शब्द कसा, याचं कोडं त्या दिवशी सुटलं.

आता थोडं माझ्या कामाचं. एखादा शब्द आला की तो कुणाच्या तोंडचा आहे, कुणाकुणाला लागतो आणि त्याआधी तिथे कोण बसलं होतं, हे विचारायची खोड बाईंनी लावली. माहितीपटाच्या इंग्रजी निवेदनात पप येतो तेव्हा तो क्वचितच गोंडसपणासाठी येतो. हूडेड सील नावाची एक जात उत्तर अटलांटिकमध्ये तरंगत्या बर्फावर विते. ती पिल्लाला सरासरी चारच दिवस पाजते, सस्तन प्राण्यांत सगळ्यांत कमी. दुधात साठ टक्क्यांच्या आसपास चरबी असते आणि तेवढ्यात पिल्लाचं वजन दुप्पट होतं. मग आई निघून जाते. सँड टायगर शार्कचं तर विचारूच नका. आईच्या पोटातच मोठं पिल्लू बाकीच्या भावंडांना खातं, आणि दोन गर्भाशयांतून एकेक असे दोनच पप बाहेर येतात. अशा ठिकाणी काही मराठी संहितांमध्ये 'पिल्लुकलं', 'गोजिरवाणं बाळ' वगैरे लिहिलेलं दिसतं. पप हा शब्द कुत्र्यापासून पार सुटा होऊन तिथे पोचला आहे, हे माहीत नसल्याची ती खूण.

वटवाघळांचं दृश्य मात्र मला आवडतं. टेक्सासमधल्या ब्रॅकन गुहेत लाखो माद्या आपले पप छताला दाटीवाटीने लटकवून ठेवतात आणि रात्री किडे खायला बाहेर पडतात. परतल्यावर त्या गर्दीतून आवाज आणि वास यांवरून आपलं पिल्लू शोधून काढतात. सहसा एका मादीला वर्षाला एकच पप. इथे पिल्लू हा साधा शब्दच शोभतो.

तक्त्याबद्दल मात्र माझं बाईंशी पूर्ण एकमत नाही. मराठीतही असा तक्ता करता येतोच: शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू, घोड्याचं शिंगरू, म्हशीचं रेडकू, हरणाचं पाडस, सिंहाचा छावा. हे शब्द पोरांच्या तोंडी आधी बसायलाच हवेत. शिंगरू कानावरून गेलेलंच नसेल तर त्याचं कुळ कोण विचारणार? बाईंना हे परवडत होतं, कारण आम्ही तक्ता तिसरीपासून घोकून आलो होतो. मात्र मराठीच्या तक्त्यात सील, शार्क आणि वटवाघूळ यांना जागा नाही. त्यांच्यासाठी आपल्याकडे एकटं पिल्लू उरतं. ते कोंबडीपासून मगरीपर्यंत सगळ्यांना पुरतं, आणि मला त्यात काही उणं वाटत नाही.

मध्यंतरी बागकामावरची एक मालिका मराठीत करायला आली. तिच्यात घायपाताच्या बुंध्याशी फुटलेल्या धुमाऱ्यांना निवेदक सारखा पप म्हणत होता. अननसाच्या, केळीच्या फुटव्यांनाही इंग्रजी बागकामात हाच शब्द आहे. सोबतचा तरुण संपादक अडला. वनस्पतीला कुत्र्याचं पिल्लू कसं म्हणायचं, हा त्याचा प्रश्न. मी त्याला केळीच्या बागायतदाराला फोन लावायला सांगितला. केळीच्या फुटव्याला शेतकरी पिल म्हणतात आणि त्यावर घेतलेल्या पुढच्या पिकाला पिलबाग. संहितेत 'पिलं' गेलं, आणि ते कुणीही बदललं नाही.