तुम्ही विचारलंत म्हणून: तालमीचा फुटबॉल

पुण्यात स्थायिक झाल्यापासून एक प्रश्न माझ्या मागे लागलाय, आणि दर विश्वचषकाला त्याला नव्यानं धार येते. २०२२ मध्ये ब्राझील-अर्जेंटिनाच्या खेळाडूंचे भले मोठे कटआउट लावलेल्या कोल्हापूरच्या गल्ल्यांचे फोटो मोबाईलवर फिरायला लागले, तेव्हा ऑफिसात नारायण पेठेतल्या एका सहकाऱ्यानं तो परत विचारला. "काय हो, तुमच्याकडे म्हणे तालमी फुटबॉल खेळतात? तालमीत कुस्ती असते ना?" आणि त्याला शेपूट जोडलेलं असतंच: "एवढं वेड आहे, तर तुमचा एकही संघ मोठ्या लीगमध्ये कसा नाही?"

खरं तर तालीम पुणेकराला नवी नाही. मानाचा तिसरा गणपती गुरुजी तालमीचाच. चिंचेची तालीम, खालकर तालीम, जगोबादादा तालीम ही नावं तुम्ही रोज घेता. फरक पडला तो कुस्ती ओसरल्यावर. तुमच्याकडच्या तालमी गणपतीत आणि ढोल-ताशात रमल्या, आमच्याकडच्या गणपतीत आणि फुटबॉलमध्ये. पुण्यात फुटबॉल नव्हता असंही नाही. तो कॅम्पात होता, खडकीत होता, रेंजहिल्सला होता. लष्कराच्या आणि मिशनऱ्यांच्या मैदानांवर तो छान रुजला. तिथून पेठांत मात्र तो फारसा आला नाही. कोल्हापुरात तो पेठेतच वाढला.

कारण पेठेत त्याच्यासाठी सगळी तयारी आधीच होती. शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले आणि कुस्तीला जो राजाश्रय मिळाला तो आजही कोल्हापूरच्या अंगात आहे. १९०२ साली ते युरोपला गेले, रोमचं जुनं प्रेक्षागार बघून आले आणि १९१२ मध्ये खासबागेचं कुस्ती मैदान उभं राहिलं. गल्लोगल्ली तालमी होत्याच. पण तालीम म्हणजे निव्वळ आखाडा कधीच नव्हता. पेठेतली पोरं तिथं पडीक, गणपती तिथला, शिवजयंती तिथली, कितीतरी तालमींत मोहरमचे पंजेसुद्धा बसतात. लग्नाला मांडव घालायला, मयतीला खांदा द्यायला आणि भांडण मिटवायला (किंवा लावायला) तालमीचीच माणसं. फुटबॉल संघाला आणखी लागतं काय? धावणारी पोरं, धाक असलेली चार वडीलधारी माणसं, आणि हरवायला शेजारची गल्ली. हे सगळं आयतं होतं, त्यात फक्त चेंडू पडला. छत्रपती घराण्यानं या खेळालाही हात दिला. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, म्हणजे आमच्या केएसएची, सूत्रं आजही त्याच घराण्याकडे आहेत.

म्हणून आमच्याकडच्या संघांची नावं ऐकून तुम्हाला हसू येतं: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, ऋणमुक्तेश्वर तालीम, संयुक्त जुना बुधवार पेठ. मध्येच एखादा प्रॅक्टिस क्लब. शिवाजी पेठेत शिवाजी तरुण मंडळ आणि खंडोबा, मंगळवार पेठेत पाटाकडील आणि बालगोपाल, रविवार पेठेत दिलबहार. मी शिवाजी पेठेतली. कुठल्या तालमीची ते सांगत नाही. सांगितलं तर निम्मं कोल्हापूर पुढचं वाचणार नाही.

मैदानांचीही एक गंमत आहे. आमच्या पेठेतलं गांधी मैदान म्हणजे पूर्वीचं वरुणतीर्थ तळं. बुजवलं तरी पाणी आपली जागा विसरलेलं नाही. पावसाळ्यात मैदान तुंबतं आणि पोरं काठावर उभी राहून शिव्या घालतात. जिथं सगळे मोठे सामने होतात ते राजर्षी शाहू स्टेडियमसुद्धा रावणेश्वराच्या तळ्याच्या जागेवर. खासबाग तिथून जवळच. कुस्तीचं मैदान आणि फुटबॉलचं मैदान अशी हाकेच्या अंतरावर असल्यामुळे एकाच्या प्रेक्षकाला दुसरीकडे जायला फार चालावं लागलं नाही.

लहान असताना काकांना जेवायला बोलवायला मला तालमीच्या जिन्यापर्यंत जायची मुभा होती. आत नाही, जिन्यापर्यंत. खाली हौद, त्यात ताक-तेल-हळद घालून मुरवलेली तांबडी माती, तिचा आंबूस वास. जिना चढून गेलं की मंडळाची खोली. भिंतीवर मारुती, शाहू महाराज आणि एक काळा-पांढरा फोटो: हाताची घडी घालून खुर्च्यांवर बसलेला कुठल्याशा सालचा संघ, पुढं जमिनीवर आडवे झालेले दोघं, मध्ये ढाल. कठड्यावर ओळीनं वाळत घातलेले मोजे. खाली पैलवान घोरतायत आणि वर उद्याच्या सामन्यात डाव्या बगलेला कुणाला खेळवायचं यावर कडाक्याचं भांडण चाललंय, ही माझी तालीम.

काका गोलकीपर होते. सामन्याच्या आदल्या रात्री बुटांत 'पुढारी'चे बोळे कोंबून ते उंबऱ्याशी ठेवायचे आणि आज्जी ते रोज चुलीमागं सरकवायची. घरातल्या बायका स्टेडियमवर जात नव्हत्या. आम्ही केबलवर बघायचो, आणि केबल गेली तरी निकाल विचारायची गरज पडत नसे. काका हातपाय धुऊन ताटावर बसले तर जिंकले. न बोलता माडीवर गेले तर हरले. आज मुली स्वतः खेळतात, तेव्हा माझ्या भाचीला हे सगळं दंतकथेसारखं वाटतं.

स्टेडियमचा माहौल शब्दांत पकडायला अवघड आहे, पण त्यातली एक गोष्ट पुण्यात कुणाला खरी वाटत नाही. गोल झाला की माईकवर बक्षिसांची यादी सुरू होते. अमुक मंडळाकडून पाचशे, तमुक मिसळवाल्याकडून हजार, एका मामांकडून एकावन्न. हे मामा एकावन्नच्या वर कधी जात नाहीत आणि आपलं नाव पुकारल्याशिवाय खालीही बसत नाहीत. पेठेनं संघ पोसायचा म्हणजे काय, ते त्या यादीत ऐकू येतं.

आता शेपटाचं उत्तर. त्यासाठी तुमच्याच गावात यावं लागतं. पुणे एफसी २००७ मध्ये निघाला. पाठीशी मोठा उद्योगसमूह, चांगले प्रशिक्षक, मुलांची अकादमी. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, तो दुसरा आला आणि २०१५ मध्ये बंद झाला. एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग या नव्या लीगबरोबर आला; हृतिक रोशनचं नाव, इटलीच्या क्लबशी करार. २०१९ मध्ये त्याचा गाशा गुंडाळला गेला आणि लीगमधली जागा हैदराबादला गेली. डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम आय-लीग खेळून २०१७ मध्ये बाहेर पडला. मी बालेवाडीला जाऊन सामने बघितलेत. खेळ आमच्यापेक्षा कितीतरी सरस, यात वाद नाही. पण मध्यंतरात शेजारच्या मुलाला सवयीनं विचारलं, "तू कुणाचा?" तर तो म्हणाला, "लिव्हरपूलचा."

तोटा झाला की कंपनी आपला संघ बंद करू शकते. तालमीला ते जमत नाही; बंद करायला आधी पेठ रिकामी करावी लागेल. आमचे संघ हरतात, दुय्यम गटात घसरतात, वर्गणीला मोताद होतात, पण पुढच्या हंगामात नोंदणीला हजर असतात. मात्र याच कारणानं ते वरही जात नाहीत. मोठ्या लीगचा परवाना मिळवायचा तर कायदेशीर संस्था, तपासलेले हिशेब, वयोगटांचे संघ, परवानाधारक प्रशिक्षक, पगार, सगळं कागदावर दाखवावं लागतं. आमच्याकडे वर्गणीची पावती आणि चषकाला नाव देणारा पुढारी. मग सगळ्या तालमींनी मिळून एकच कोल्हापूरचा संघ का काढू नये? ही सूचना नेहमी पुण्या-मुंबईचा माणूस करतो. आमच्याकडे ती केली, की पहिला प्रश्न येतो, "कॅप्टन कुठल्या पेठेतला?" आणि बैठक चहावर संपते.

आणि हे सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. पेठेचा अभिमान स्टेडियमबाहेर दगड होऊन पडलेला आम्ही बघितलाय. हुल्लडबाजीपायी स्पर्धा मध्येच थांबवाव्या लागल्यात. ईर्ष्येपोटी बाहेरून, अगदी आफ्रिकेतून, खेळाडू आणले जातात आणि पेठेतली पोरं बाकावर बसतात. मला सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच: तिशीला आलेला, अख्ख्या पेठेला तोंडपाठ असलेला स्ट्रायकर, ज्याच्या हाताला काम नाही. हंगामात त्याला खांद्यावर घेतात. पावसाळ्यात त्याला कुणी विचारत नाही.

ज्यांना पुढं जायचं होतं त्यांना पेठ सोडावीच लागली. अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आला, आणि २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला तेव्हा देशाच्या संघात होता. त्या वर्षी आमच्या गल्लीत त्याचा फलक लागला होता, कधी नव्हे ते कुठल्याही तालमीचं नाव न घालता.

बघायला कधी यावं, हेही विचारता, तर सांगते. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो. आधी केएसएची लीग, मग उन्हाळ्यापर्यंत एकामागून एक चषक. सकाळी स्वारगेटहून एसटी धरलीत तर दुपारच्या सामन्याला पोचता. तिकीट काढा, पण गॅलरीत बसण्याआधी कुठली पेठ कुठं बसते ते बाहेरच्या चहावाल्याला विचारून घ्या. "तू कुणाचा रं?" असं कुणी विचारलंच, तर "पुण्याचा, पाव्हणा हाय" म्हणा, शेंगा मिळतील. आणि स्वतःची गाडी नेणार असाल आणि सामना पाटाकडील-दिलबहार असेल, तर गाडी जरा लांबच लावा.