चकती हाजिर हो!

बाबा जिल्हा न्यायालयात कारकून. त्यामुळे तारीख, वकालतनामा, दप्तर हे शब्द आमच्या घरात मीठ-मिरचीसारखे. तरीही 2000 साली सायबर कॅफेत तासाला 30 रुपये मोजून मी जे वाचायचो, ते त्यांना कळलं असतं तर त्यांनी कपाळाला हात लावला असता. मी निकालपत्रं वाचत होतो. डीव्हीडींची!

अमेरिकेत डीव्हीडी, म्हणजे सिनेमा भरलेली चकती, बाजारात आली मार्च 1997 मध्ये, आणि 1999 मध्ये ‘डीव्हीडी व्हर्डिक्ट’ हे परीक्षणांचं प्रकाशन इंटरनेटवर सुरू झालं. नावाप्रमाणे सगळा मामला कोर्टाचा. परीक्षक म्हणजे जज्जसाहेब. आधी खटल्याची हकीकत, मग पुरावा, शेवटी निकाल. सिनेमा निर्दोष आणि चकती दोषी, असंही व्हायचं. मला त्याचीच गंमत. आपल्याकडे परीक्षण म्हणजे नटाने काम कसं केलं, गाणी कशी जमली. हे लोक सिनेमाबरोबर चकतीचीही झडती घेत.

काळ्या पट्ट्यांचंच बघा. रुंद सिनेमा चौकोनी टीव्हीत मावत नाही, म्हणून वर-खाली काळं सोडायचं. तिथल्या टीव्हीच्या चित्राला 480 ओळी. खूप रुंद सिनेमा असला तर त्यातल्या दोनशेच्या वर ओळी नुसत्या काळ्या रंगावर खर्च, सिनेमाच्या वाट्याला जेमतेम 270. यावर ‘अ‍ॅनामॉर्फिक’ नावाचा तोडगा होता. चित्र आडवं आवळून चकतीवर भरायचं आणि बघताना सैल सोडायचं, म्हणजे सिनेमाला जास्त ओळी मिळतात. सुरुवातीच्या कितीतरी चकत्यांवर तो केलेलाच नसे.

चकतीच्या बाबतीत हे परीक्षक इतके हट्टी का, तर तेव्हा चकती कुणाची हाच वाद होता. ‘सर्किट सिटी’ या दुकान-साखळीच्या पाठबळावर 1998 मध्ये ‘डिव्हएक्स’ चकती आली. एकदा लावली की 48 तास. पुढे पाहायचं तर पुन्हा पैसे, आणि हिशेब फोनच्या तारेतून. चकती तुमच्या कपाटात, किल्ली त्यांच्या हातात! जून 1999 मध्ये तो कारभार आटोपला. बरं झालं.

इकडे आमच्या घरी व्हीसीडी, म्हणजे डीव्हीडीच्या आधीची, कमी मावणारी चकती. एक सिनेमा तीन चकत्यांत, नायकाचं वाक्य अर्ध्यात तोडून दुसरी चकती लावायची, तेवढ्यात आई गॅस बंद करून यायची. पुढे डीव्हीडी प्लेअर घेतला, तेव्हा न्यू जर्सीच्या मावसभावाने एक डीव्हीडी आणली. मी तिचा निकाल आधीच वाचलेला; सन्मानाने सुटलेली. बाबांना पुढ्यात बसवलं, चकती आत सरकवली. प्लेअर जरा घुरघुरला आणि टीव्हीवर इंग्रजीत एक ओळ उमटली: रीजन चुकीचा. कंपन्यांनी जगाचे विभाग पाडलेले, एका विभागाची चकती दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर चालू नये म्हणून. अमेरिकेची चकती रीजन 1, आपला देश रीजन 5.

मी बाबांना हे समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“म्हणजे अधिकारक्षेत्र नाही,” ते म्हणाले. “परत कर तो दावा, आणि आपली तीनवाली लाव.”