सरांचा टोल

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी दोन पानं लिहा, असा शाळेचा फोन आला तेव्हा मी गाडीखाली होतो. तिथेच ठरवलं, लिहायचं तर पेटीवाल्या सरांवर. बाकी गुरुजनांनी राग मानू नये. त्यांचेही उपकार आहेत, पण गणित माझ्याकडे तेव्हाही राहिलं नाही.

शनिवारी सकाळच्या शाळेत कवायतीनंतरचा तास सरांचा. 1986 साली आम्ही आठवी ‘ब’मध्ये. सर कापडी पिशवीतून घरचा टेपरेकॉर्डर आणत. कॅसेट पेन्सिलीने गुंडाळून नेमक्या जागी आणलेली असे. नियम एकच: गाणं लावणार नाही, गाणं तर कुणीही ओळखतं. नुसतं संगीत ऐकून सिनेमा ओळखायचा आणि वहीच्या मागच्या पानावर लिहायचा. जिंकेल त्याने मधल्या सुट्टीचा टोल द्यायचा. लिंबाला टांगलेला तो रुळाचा तुकडा वाजवायला आम्ही काहीही केलं असतं.

‘शोले’चा माउथ ऑर्गन लागला की अर्धा वर्ग लिहायच्या आधीच ओरडे. संवादांच्या कॅसेटमुळे तो सिनेमा न पाहिलेल्यांनाही पाठ होता. सर शांतपणे विचारत, “वाजवतंय कोण?”

“अमिताभ!”

“भानू गुप्ता.”

आमचा चेहरा पडे. ‘हिरो’ची बासरी जॅकी श्रॉफची नसून हरिप्रसाद चौरसियांची, हेही असंच कळलं. त्या दिवशी मागच्या बाकावरच्या दोघांनी तर सरांशी बोलणंच सोडलं होतं.

माझी फजिती झाली ‘नागिन’वर. बीन सुरू झाली आणि मी ऐटीत सिनेमाचं नाव लिहिलं. पुढे आगाऊपणाने वाद्यही लिहिलं, ‘पुंगी’. सर म्हणाले, “सिनेमा बरोबर, वाद्य चूक.” मी हटून बसलो. आमच्या गल्लीत गारुडी यायचा, पुंगी मला कळत नाही होय? सरांनी पेटी ओढली, डाव्या हाताने भाता धरला आणि उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवरून अशी काही घसरवली की खिडकीतल्या पोरी दचकून मागे सरल्या. मग म्हणाले, “1954 चा सिनेमा, संगीत हेमंतकुमारांचं. बीन वाजवली कल्याणजींनी, क्लेव्हायोलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या पट्ट्यांच्या वाद्यावर. जोडीला रवींची पेटी. खरी पुंगी यात नाहीच.”

“मग माझं अर्धं तरी बरोबर ना, सर?”

सर हसले. त्या दिवशी मधल्या सुट्टीच्या पाच टोलांपैकी दोन मी दिले आणि तीन दुसऱ्या मुलाने. मध्ये लोखंडी कांब हातातून हातात देताना इतका वेळ गेला की शिपाईमामांना दोन टोलांचा अर्थच लागेना. ते तसेच हेडसरांच्या खोलीकडे धावले.

आज चाकणला माझं स्वतःचं गॅरेज आहे, हाताखाली अकरा पोरं आहेत. गाडी फाटकातून आत येतानाच बेअरिंग गेलंय की बेल्ट, ते मी बोनेट न उघडता सांगतो. गिऱ्हाइकांना नवल वाटतं. पोरांना मात्र ऐकायचा कंटाळा. फोन समोर धरला की गाण्याचं नाव येतं, तसं गाडीचंही यावं असं त्यांना वाटतं.

मध्यंतरी शाळेत येऊन गेलो. पेटीच्या खोलीत आता कॉम्प्युटर आहेत. पेटीचं विचारलं, तर कुणाला माहीत नव्हतं.

रौप्यमहोत्सवी अंक अजून माझ्याकडे आहे. त्यात सरांचं नाव मी पानोपानी शोधलं. वीस-बावीस वर्षं प्रत्येक स्नेहसंमेलनाला विंगेत बसून त्यांनी साथ केली, पण गाणाऱ्या मुलींची नावं छापली, पेटीचं राहिलं. फक्त समूहगीताच्या फोटोत उजव्या कडेला, पडद्याच्या घडीतून भात्यावरचा एक हात दिसतो. मनगटावर घड्याळ उलटं, तबकडी आतल्या बाजूला. सर तसंच बांधत.

संपादक मंडळाला विनंती, तो फोटो या अंकात घेणार असाल तर कडेने कापू नका.