शेकोटीपाशी

रविवार, १४ डिसेंबर. रात्री.

बुधवारी पारावरच्या शेकोटीपाशी बसलो असताना आमच्या धुऱ्याला लागून ज्याचे वावर आहे त्याने सगळ्यांदेखत विचारले, "काय भाऊ, तुम्हीबी प्रार्थनेले जाता म्हणते? महिन्याचे किती भेटते?" चार-पाच जण हसले. आमच्या घरात ख्रिस्ताचे नाव तीन पिढ्यांचे आहे. यवतमाळला १९५३ साली सेमिनरी, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचे विद्यालय, सुरू झाली आणि १९८३ मध्ये ती पुण्याला गेली, त्या मधल्या काळात आजोबा तिच्या आवारात माळीकाम करीत होते. हे सारे पाठीशी असताना मी म्हणालो, "बायको जाते. मी आपला तिला सोडून येतो." कोणीतरी विस्तवात तुराट्या सारल्या आणि बोलणे कापसाच्या भावाकडे वळले.

दिवाळीनंतर घरात उपासना चालू असताना वीसेक पोरे अंगणात येऊन घोषणा देऊन गेली, जाताना सायकल लाथेने पाडली, आणि तेव्हापासून वेचणीच्या बाया आमच्या वावरात येईनाशा झाल्या. त्या दिवशी मी दारात हात जोडून उभा राहिलो होतो आणि आपण डगमगलो नाही याचे मला मनातून समाधानही वाटले होते. घोषणांपुढे उभा राहिलेला तोच मी चार माणसांच्या हसण्यापुढे वाकलो. धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या २५व्या कलमाने दिला आहे, हे मी स्वतः मुलांना समजावून सांगितले आहे. पण बुधवारी जीभ रेटली नाही.

इ. स. २५० मध्ये रोमचा बादशहा डेसियस याने हुकूम काढला की, साम्राज्यातील लोकांनी देवांना बळी अर्पण करावा आणि तसे केल्याचा दाखला घ्यावा. मिसर देशात पपायरसवर लिहिलेले असे दाखले सापडले आहेत. त्यांत अर्जदाराचे नाव, गाव, आपण देवांना नेहमीच अर्पण करीत आलो आहोत असे निवेदन, आणि खाली साक्षीदारांच्या सह्या असतात. काही ख्रिस्ती लोकांनी बळी दिला नाही, पण पैसे मोजून दाखला मात्र मिळवला. पूर्वी हे वाचताना मला त्यांचा राग येत असे, कारण बळी देणाऱ्याने निदान भीतीपोटी दिला, यांनी मात्र मनात एक आणि कागदावर एक असा सोयीचा मार्ग काढला असे वाटे. आता कळते की, बायकोच्या आड लपून मी बुधवारी तसाच एक दाखला घेतला, आणि मला तर त्यासाठी पैसेही मोजावे लागले नाहीत.

छळ ओसरल्यावर २५१ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहराच्या ख्रिस्ती मंडळीपुढे या माणसांचा प्रश्न आला. बिशप सिप्रियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यांना सहज पोटात घातले नाही, कायमचे हाकलूनही दिले नाही. प्रत्येकाची परिस्थिती पाहून, पश्चात्तापानंतर त्यांना परत घेण्याची वाट ठेवली. ती वाट मला चार दिवस पुरली. येशूचा शिष्य पेत्रही विस्तवापाशी शेकतच प्रभूला नाकारून बसला होता, आणि योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित येशू त्याला सरोवराकाठी भेटतो तेव्हाही कोळशांचा विस्तव पेटलेला असतो, त्यावर मासळी ठेवलेली असते. आधी न्याहारी होते, मग 'तू माझ्यावर प्रीती करतोस काय?' हा प्रश्न तीनदा विचारला जातो. आधी खाऊ घातले, याचे मला आज फार वाटले.

धुऱ्याच्या शेजाऱ्यासाठी प्रार्थना करायला बसलो की अजूनही त्याने दोन वर्षांपूर्वी तोडलेली माझी बाभूळ आठवते. नाव घेतो आणि तेथेच अडखळतो. तरी रोज घेतो आहे.

आज उपासना आटोपल्यावर मी पारावर गेलो. तीच माणसे होती. उभ्यानेच म्हणालो, "बुधवारी मी खोटे बोललो. मी स्वतः प्रार्थनेला जातो, मी ख्रिस्ती आहे, आणि मला कोणी पैसे देत नाही." शेजारी विस्तवाकडे पाहत म्हणाला, "ते त मालूमच आहे न भाऊ." म्हणजे माझ्या खोटेपणाने कोणीही फसले नव्हते. थोड्या वेळाने तो उठून गेला. एका म्हाताऱ्याने सरकून मला जागा दिली, आणि मी बसलो.

उद्या कापसाचा दुसरा वेचा सुरू करायचा आहे. एकही बाई येणार नाही असा निरोप आहे. हिने दोघांपुरत्या ओट्या आणि पोते दाराशी काढून ठेवले आहे.