तुम्ही विचारलंत म्हणून: पेस्टलवर फिक्सेटिव्ह का मारला नाही?

अठराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार ला तूर यानं पेस्टलमध्ये (कोरड्या रंगकांड्यांनी) केलेलं मादाम द पाँपादूरचं, म्हणजे राजा पंधराव्या लुईच्या प्रेयसीचं, व्यक्तिचित्र दाखवलं की प्रश्न ठरलेला असतो: एवढं मोठं चित्र नुसत्या भुकटीचं, मग फिक्सेटिव्ह (भुकटी चिकटवून पक्की करणारा द्रव) का मारला नाही? तेव्हा तो नव्हता का?

होता. पूर्वी मी ‘चित्र काळवंडतं’ म्हणून विषय संपवत असे. ते खोटं नाही, पण त्यातून असं वाटतं की चांगला फिक्सेटिव्ह मिळाला असता तर प्रश्न सुटला असता. तसं नाही.

पेस्टलच्या कांडीत रंगद्रव्य, खडूची पूड आणि ट्रॅगाकँथ डिंकाचं अगदी पातळ पाणी असतं. डिंकाचं प्रमाण रंगागणिक बदलतं. प्रशियन निळा वाळून मुळातच टणक होतो, त्याला डिंक जवळजवळ नकोच. जास्त झाला की कांडी रंग सोडत नाही, कागद ओरखडते. डिंक इतका कमी असल्यामुळे कागदावर कणाकणांत हवा राहते. खडू संपून हवा सुरू होते तिथे प्रकाश विखुरतो आणि रंग मखमली दिसतो. फिक्सेटिव्ह त्या हवेची जागा घेतो. खडूचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) 1.6 च्या आसपास, डिंक-सरसाचा 1.5, हवेचा 1. फरक मिटला की खडू पारदर्शक होतो. म्हणून पांढरा सगळ्यात आधी मरतो: कपाळावरचा उजेड, नाकाचा शेंडा, लेसची किनार. रोकोको (अठराव्या शतकातली नाजूक, सजावटी शैली) काळातल्या दरबारी चेहऱ्यात याशिवाय आहे काय? पावडर लावलेली त्वचा, गालांवरची लाली, पावडर टाकलेला केसांचा टोप. चित्रकार रोझाल्बा कारिएरा 1720 मध्ये व्हेनिसहून पॅरिसला आली आणि तिच्यामागे सगळं पॅरिस पेस्टलवर लुब्ध झालं, ते याच कोरड्या उजळपणासाठी.

आता लोरियो. 1753 मध्ये आंत्वान-जोझेफ लोरियोनं पेस्टल पक्कं करण्याची आपली रीत पॅरिसच्या अकादमीपुढे मांडली. कृती छापली गेली 1780 मध्ये. माशाच्या फुग्याचा सरस पाण्यात विरघळवायचा, त्यात मद्यार्क घालायचा आणि ब्रशनं तुषार उडवायचे. मद्यार्कामुळे द्रव भुकटीत झटकन शिरतो, नाहीतर पाणी वरच गोळा होतं. पण ब्रशच्या तुषाराचे थेंब एकसारखे नसतात. मोठा थेंब पडला की कण गोळा होऊन ठिपका उमटतो, आणि तो बोटानं मिटवता येत नाही, कारण तो आता चिकटलेला असतो. शिवाय सरस दमटपणात बुरशीला खाद्य. कागदही ओल सोसत नाही. पाँपादूरचं चित्र (1755 च्या सलोनमध्ये, म्हणजे पॅरिसच्या चित्रप्रदर्शनात, मांडलेलं, उंची सुमारे 177 सेंमी) निळसर करड्या कागदाचे ताव जोडून कॅनव्हासवर डकवलेलं आहे. तिचा चेहरा वेगळ्या कागदावर करून मग बसवला. एवढ्या सांध्यांवर ओल टाकली की कागद फुगणार, आणि फुगलेला कागद वाळताना सांध्यापाशीच ओढ घेतो.

ला तूर स्वतः फिक्सेटिव्हच्या मागे होता, हे मी लपवणार नाही. उतारवयात त्यानं जुनी चित्रं पुन्हा हातात घेऊन काही बिघडवलीसुद्धा. तेव्हा त्या काळच्या चित्रकारांना पक्कं करायचंच नव्हतं, असं म्हणणं बरोबर नाही. त्यांना हवं होतं, पण त्याची किंमत परवडत नव्हती.

तुम्हाला मारायचाच असेल तर खालच्या थरांवर, हलका, प्रत्येक वेळी पूर्ण वाळू देऊन मारा. शेवटचे फटकारे, विशेषतः उजळ, कोरडेच ठेवा. फ्रेममध्ये काच लावा, ॲक्रिलिक नको. त्यावरची स्थिर वीज भुकटी ओढून घेते. काच आणि चित्र यांत 5-6 मिमी मोकळी जागा ठेवा. नेताना चित्र आडवं, तोंड वर.

भुकटी रांगोळीसारखी सांडेल ही भीती मात्र जरा जास्तच आहे. कागद किंवा चर्मपत्र प्युमिस दगडानं घासून खरखरीत केलेलं असतं आणि कण त्या खाचांत बसतात. त्यांना हलवतात ते हादरे. म्हणूनच संग्रहालयं मोठी पेस्टल्स प्रदर्शनासाठी बाहेर पाठवायला कचरतात, आणि किरमिजी लाली उडू नये म्हणून 50 लक्सच्या मंद उजेडात ठेवतात. ज्या उजळपणासाठी एवढं जपायचं तो मंद उजेडात नीट दिसत नाही, असं तुम्ही म्हणाल, आणि त्यावर माझ्याकडे पुरेसं उत्तर नाही. तरी फिक्सेटिव्हच्या बाजूनं मी जाणार नाही.