बाद ठरवलेले कण

अकरा कणांपुढे मी वहीत 'बाद' असं लिहून ठेवलं होतं. एका ग्रॅनाइटचं वय काढत होते. त्यातले झिरकॉन या खनिजाचे बहुतेक कण एकच वय सांगत होते, हे अकरा मात्र त्याहून कितीतरी जुनं, आणि तेही प्रत्येकाचं निराळं.

झिरकॉन घडताना युरेनियम आत घेतो, शिशाला मात्र जवळजवळ थारा देत नाही. त्यामुळे त्यात पुढे सापडणारं शिसं युरेनियमच्या क्षयातून आलेलं धरता येतं. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षं. ते आमचं घड्याळ.

पहिला संशय बाहेरच्या शिशावर गेला. आमच्या कामात ही धास्ती जुनीच आहे. भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ साली पृथ्वीचं वय सुमारे ४५५ कोटी वर्षं असल्याचं मांडलं, पण त्याआधी त्यांची कित्येक वर्षं प्रयोगशाळेतलं शिसं हटवण्यात गेली होती. शिसं-२०४ क्षयातून तयार होत नाही, ते दिसलं की समजावं भेसळ आहे. माझ्या मोजणीत ते नगण्य होतं. प्रमाणित नमुन्याचं वयही बरोबर येत होतं.

मग मी आधी घाईत चाळलेली कॅथोडोल्युमिनेसन्सची, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने कण उजळतो तेव्हा घेतलेली, चित्रं पुन्हा उघडली. झिरकॉनमध्ये वाढीची वलयं दिसतात. या अकरांत ती वलयं एका गोलसर, काळपट गाभ्याभोवती गुंडाळलेली होती. मोजणीसाठी लेसरने पाडलेला ३० मायक्रॉनचा खड्डा नेमका सीमेवर पडलेला, अर्धा गाभ्यात, अर्धा कडेत. मी दोन वयांची सरमिसळ मोजली होती.

त्याच दुपारी खड्डे वेगवेगळे पाडले. कडा ग्रॅनाइटच्याच वयाच्या निघाल्या. गाभे जुने, आणि एकमेकांशी न जुळणारे. गोलाई पाण्यात वाहताना घासून येते तशी मॅग्मात विरघळूनही येते, म्हणून तिच्यावर मी विसंबत नाही. पण इतकी वेगवेगळी वयं एका ठिकाणी गोळा करते ती नदी. कुठले तरी डोंगर झिजले, त्यांची वाळू वाहत येऊन साचली, खोल गाडली गेली, वितळली. झिरकॉन तेवढे टिकले आणि नव्या मॅग्मात पुन्हा वाढले. ज्या खडकाला मी वर्षभर नुसता ग्रॅनाइट म्हणत होते, तो आधी गाळ होता! पडद्यासमोरून मला उठवेना.

रात्री वहीतला 'बाद' खोडला आणि अकराही ठिकाणी लिहिलं: 'गाभा, वारशाने आलेला'.