पहिला वार कोणाचा

इंदूर, रविवार, रात्री उशिरा

हा आठवडा एका सत्र खटल्याचे कागद वाचण्यात गेला. त्याची ओळख पटेल असे काही येथे लिहिणे योग्य नाही. एवढेच नोंदवते की ज्याच्या हातून मनुष्य मेला तो ते नाकारत नाही. समोरच्याने आधी सुरी काढली आणि आपण वार केला नसता तर आपणच मेलो असतो, असे त्याचे म्हणणे आहे. ती वेळ पाहणारे तिसरे कोणी नव्हते. मागे राहिले आहेत ते पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, दोघांचे कपडे, आरोपीच्या जखमांची वैद्यकीय नोंद आणि भिंतीपलीकडून शेजाऱ्यांनी ऐकलेला आरडाओरडा. मी बचावाच्या बाजूने उभी आहे, तरीही हे कागद सरकारी वकिलांच्या नजरेने वाचून पाहिल्याशिवाय मला स्वस्थ वाटत नाही.

परिस्थितिजन्य पुराव्याचा, म्हणजे प्रत्यक्ष पाहणारा नसताना आजूबाजूच्या गोष्टींवरून काढलेल्या निष्कर्षाचा, विषय निघाला की न्यायालयात १९८४ च्या शरद बिरधीचंद सारडा निकालातील पाच कसोट्या वाचल्या जातात, आणि त्यांच्या मुळाशी १९५२ चा हनुमंत नरगुंदकर निकाल असतो. तो खटला मध्य प्रदेशाचा, पण नागपूर राजधानी असलेल्या त्या वेळच्या मध्य प्रदेशाचा. इंदूर तेव्हा मध्य भारतात होते. तो खुनाचा खटलाही नव्हता, सिवनीच्या दारूभट्टीच्या ठेक्यातील बनावट पत्रांचा होता. अशा पुराव्यात तर्क किंवा संशय हाच सिद्धतेची जागा घेऊन बसण्याचा धोका असतो, हा सर्वोच्च न्यायालयाने त्यात दिलेला इशारा मात्र पुढे फाशीच्या खटल्यांतही आधाराला आला. परिस्थितीचा प्रत्येक दुवा पक्का सिद्ध झालेला हवा आणि सगळे दुवे मिळून आरोपीच्या निर्दोषत्वाला वाव उरता कामा नये, हे त्याचे सार.

मला सतावणारी गोष्ट इथेच सुरू होते. ही साखळी बहुतेक वेळा ‘हे कृत्य आरोपीनेच केले’ या निष्कर्षाकडे नेण्यासाठी जोडलेली असते, आणि स्वसंरक्षणाच्या खटल्यात तो निष्कर्ष आरोपीने स्वतःच पहिल्या दिवशी हातात दिलेला असतो. सुरीवर त्याच्या बोटांचे ठसे, कपड्यांवर मृताचे रक्त, घटनास्थळी त्याची उपस्थिती, असा एकेक दुवा आरोपपत्रात ओळीने मांडला आहे, आणि वाचणाऱ्याला साखळी पूर्ण झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात हे सगळे दुवे ज्याबद्दल वादच नाही अशा गोष्टीचे आहेत. वाद आहे तो वार होण्याच्या आधीच्या मिनिटाचा, आणि त्या मिनिटाबद्दल या साखळीत एकही दुवा नाही.

त्या मिनिटाबद्दल बोलू शकतात त्या जखमा, पण त्यांचे बोलणे फार जपून ऐकावे लागते. हाताच्या बाहेरच्या कडेवरील किंवा तळहातावरील चिरा वार अडवताना होतात, असे न्यायवैद्यकशास्त्र सांगते, आणि आमच्या आरोपीच्या डाव्या हातावर तशा दोन आहेत. परंतु सुरी धरणाऱ्याची मूठ रक्ताने घसरून पात्यावर गेली तरी बोटे आणि तळहात कापतात, हे सरकारी वकील म्हणणारच आणि ते खरेही आहे. मृताच्या पाठीवर एक जखम आहे. तो पळत असताना मागून वार झाला असा तिचा अर्थ लावणे सोपे आहे, पण दोघे एकमेकांना भिडलेले असताना हात वळसा घालूनही पाठीपर्यंत पोहोचतो. जखमेची दिशा आणि खोली डॉक्टर सांगू शकतील. कोणती जखम आधी झाली हे सांगणे पुष्कळदा त्यांच्याही हातात नसते. आरोपीच्या अंगावरील जखमांचे स्पष्टीकरण फिर्यादी पक्षाने दिले नाही तर न्यायालय त्यावरून काय समजू शकते, हे १९७६ च्या लक्ष्मी सिंग निकालात आहे. मात्र जखमा किरकोळ असतील तर तो मुद्दा तितका चालत नाही, हेही तितकेच पक्के.

वस्तू किती बोलू शकतात याचे उदाहरण म्हणून नानावटी खटला मी पुन्हा वाचला. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत प्रेम आहुजा गोळ्या लागून मेले. रिव्हॉल्व्हरसाठी झटापट झाली आणि गोळ्या चुकून सुटल्या, असा नौदलातील कमांडर नानावटी यांचा बचाव होता. तो अपघाताचा बचाव होता, स्वसंरक्षणाचा नव्हे, पण न दिसलेल्या मिनिटाचा प्रश्न तोच. ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी त्यांना निर्दोष म्हटले. उच्च न्यायालयाने ते मानले नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये शिक्षा कायम केली. स्नानगृहातून बाहेर आलेल्या माणसाच्या कमरेचा टॉवेल झटापटीनंतरही जागच्या जागी राहिला, आणि गोळीबारानंतर भेटलेल्या माणसांना नानावटींनी झटापटीबद्दल काहीच सांगितले नव्हते. हे दुवे वादातल्या मिनिटाचे होते, म्हणून त्यांना वजन होते.

आमच्या कागदांत असा टॉवेल शोधण्यात माझा अख्खा शनिवार गेला. आरोपीने पोलीस येण्याआधी शेजाऱ्याला ‘त्याने मला मारायला सुरी काढली’ असे सांगितले होते, आणि शेजाऱ्याच्या जबाबात ते आहे. हे वाक्य मला ठशांपेक्षा मोठे वाटते, कारण वकील भेटण्याआधी आणि विचार करायला वेळ मिळण्याआधी ते उच्चारले गेले.

काय कोणी सिद्ध करायचे, हा भाराचा प्रश्न तरुण वकिलांना नेहमी गोंधळात टाकतो. स्वसंरक्षणासारख्या अपवादाचा लाभ मागणाऱ्याने तो सिद्ध करावा, हे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०८ मध्ये, म्हणजे जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १०५ मध्ये, आहे. पण त्याला लागणारे वजन फिर्यादी पक्षाइतके नाही. आपली हकीकत अधिक संभवनीय आहे एवढे दाखवले तरी आरोपीचे काम झाले, आणि तेही फिर्यादीच्याच साक्षीदारांकडून काढता येते. आरोपीने हा बचाव स्पष्ट शब्दांत घेतला नसला तरी कागदांतून तो दिसत असेल तर न्यायालयाने विचारात घ्यावा, असे मुन्शी राम निकालाने १९६७ मध्येच सांगितले. गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करण्याचा भार मात्र शेवटपर्यंत सरकारवरच राहतो.

जखमांच्या संख्येची भीती मला अधिक आहे. शवविच्छेदनात चार जखमा आहेत, आणि बचावासाठी एक पुरेशी नव्हती का, हे विचारले जाणारच. आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करता येत नाही हे भारतीय न्याय संहितेचे कलम ३७ सांगते. परंतु जिवाच्या भीतीत सापडलेल्या माणसाचे वार सोन्याच्या काट्यावर तोलू नयेत, असेही न्यायालये वारंवार सांगत आली आहेत. मर्यादा सद्भावनेने ओलांडली गेली असे ठरले तर तो खून न राहता सदोष मनुष्यवध, म्हणजे खुनाहून कमी गंभीर गुन्हा, होतो, आणि सुटका, सदोष मनुष्यवध आणि जन्मठेप यांतील अंतर तेव्हा दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या जखमेच्या अर्थावर उभे राहते. आमच्या आरोपीच्या घरच्यांना हे मराठीत समजावून सांगताना शुक्रवारी माझा आवाज जड झाला.

उद्या डॉक्टरांची उलटतपासणी आहे. चारही जखमा काही क्षणांत, दोघे भिडलेले असताना होऊ शकतात का, आणि पाठीवरील जखमेची दिशा वरून खाली आहे की आडवी, हे दोन प्रश्न विचारायचे मी नक्की केले आहे. दुसऱ्याचे उत्तर आमच्या विरुद्धही जाऊ शकते. त्यानंतर तपास अधिकाऱ्यांना विचारायचे आहे की, शेजाऱ्यांच्या जबाबात दोन सुऱ्यांचा उल्लेख असताना पंचनाम्यात एकच सुरी का, आणि दुसरीचा शोध घेतल्याची नोंद कोणत्या पानावर आहे.